"काही नाही हो, घरीच असते": घरबसल्या कामांचा आणि त्यांच्या दुखण्यांचा इतिहास

ओपीडीत केसपेपर भरताना मी प्रत्येक पेशंटला एक प्रश्न विचारतो, "काम काय करता?" आपल्या रायगडच्या किनारपट्टीवर बायकांकडून मला सगळ्यात जास्त वेळा मिळालेलं उत्तर म्हणजे, "काही नाही हो डॉक्टर, घरीच असते."

काही वर्षांपूर्वी पेणजवळच्या एका गावातून एक ताई आल्या होत्या. रात्री उजव्या हाताला मुंग्या येऊन जाग यायची. हात झटकला की थोडं बरं वाटायचं आणि पुन्हा तेच. कामाचं विचारलं, उत्तर ठरलेलं: घरीच असते. मी केसपेपरवर "गृहिणी" लिहिलं, जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. महिन्याने आल्या, फरक नाही. आणखी एक महिना गोळ्या झाल्या. तिसऱ्या खेपेला त्यांनी माझ्यासाठी पोह्याच्या पापडांचा एक पुडा आणला. मी सहज विचारलं, "घरचे का?" तर म्हणाल्या, "हो, मीच लाटते. बारा वर्षं झाली. जेवणं आटपली की बसते ती दिवेलागणीपर्यंत."

दोन महिने मी ज्या कारणाच्या शोधात होतो ते त्यांच्या हातात होतं, आणि मी ते विचारलंच नव्हतं. विचारलं होतं, पण नीट नाही. ताईंच्या मते पापड लाटणं हे "काम" नव्हतंच आणि "गृहिणी" लिहून मीही तेच मान्य केलं होतं.

म्हणून आज तुम्हाला थोडा इतिहास सांगणार आहे. घरातल्या कामाला काम न म्हणण्याची सवय आपल्याला कशी लागली आणि तिची किंमत आपलं शरीर कशी मोजतं, हे त्यातून कळेल.

"काम काय करता?" हा प्रश्न आला कुठून?

इटलीत बर्नार्दिनो रामाझ्झिनी नावाचे एक वैद्य होऊन गेले (१६३३ ते १७१४). मोडेना शहरात असताना त्यांच्या घराचा शौचखड्डा उपसायला एक कामगार आला होता. तो फार घाईघाईने काम करत होता. एवढी घाई कशाला, असं रामाझ्झिनींनी विचारलं. या जागेत चार तासांपेक्षा जास्त थांबलं तर डोळे जातात, असं त्याचं म्हणणं होतं. रामाझ्झिनींनी त्याचे डोळे पाहिले, ते लालबुंद होते. मग त्यांनी शहरातल्या इतर धंद्यांची माणसं पाहायला सुरुवात केली: कुंभार, विणकर, शिंपी, धोबिणी, लेखनिक. १७०० साली त्यांनी कामगारांच्या आजारांवर एक ग्रंथ छापला. प्राचीन ग्रीक वैद्य हिपोक्रेटिसने रोग्याला विचारायचे जे प्रश्न सांगितले होते, त्यांत आणखी एका प्रश्नाची भर घाला, असं रामाझ्झिनींनी वैद्यांना सुचवलं: तुझा धंदा कोणता?

त्या ग्रंथातला लेखनिकांचा भाग आजही वाचण्यासारखा आहे. दिवसभर बसून लिहिणाऱ्यांच्या दुखण्याला रामाझ्झिनींनी तीन कारणं दिली. एक, सतत बसणं. दोन, हाताची तीच ती हालचाल. तीन, चूक होऊ नये म्हणून मनावर असलेला ताण. लॅपटॉपवर काम करणाऱ्यांनो, यातलं तुम्हाला काय लागू होत नाही ते सांगा!

आपल्या किनाऱ्यावर घर हाच कारखाना होता

रामाझ्झिनी हे लिहीत होते त्या काळात आपल्याकडे कामाला "बाहेर" जाण्याची कल्पना फारशी नव्हती. शेत आणि समुद्र सोडला तर बहुतेक धंदे घरातच चालायचे. चौल एके काळी मोठं बंदर होतं. १७४० मध्ये ते पोर्तुगीजांकडून मराठ्यांकडे आलं. चौलच्या रेशमी कापडाला दूरवर मागणी होती. हातमाग विणकराच्या घरातच असायचा आणि घरातले सगळेच त्या कामात असायचे. कोणी सूत गुंडाळायचं, कोणी ताणा लावायचं, कोणी विणायचं.

दुसरं उदाहरण खास आपल्या जिल्ह्याचं आहे. अलिबागमध्ये इस्राएल आळी आहे, ती तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. बेने इस्राएल समाजाचे पूर्वज नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आले, अशी त्यांची परंपरा सांगते. गावांवरून त्यांची आडनावं पडली: पेणकर, रोहेकर, चौलकर, किहीमकर. पिढ्यान्‌पिढ्या त्यांचा मुख्य धंदा होता तेलाचा घाणा. शनिवार हा त्यांचा धर्माने विश्रांतीचा दिवस. त्या दिवशी घाणा बंद. म्हणून गावकरी त्यांना "शनिवार तेली" म्हणू लागले.

या नावाकडे डॉक्टर म्हणून मी जरा वेगळ्या नजरेने पाहतो. धंदा घरचा, घाणा दारात, गिऱ्हाईक ओळखीचं. रोज थोडं थोडं काम करत राहायला कुणाची आडकाठी नव्हती. तरीही आठवड्यातला एक दिवस काम बंद ठेवायचा नियम होता आणि तो इतका कसोशीने पाळला जायचा की लोकांनी त्यावरून नाव ठेवलं. घरबसल्या कामात विश्रांती आपोआप मिळत नाही, ती ठरवून घ्यावी लागते. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

भोंगा गिरणीत वाजला, घरात नाही

१८५० च्या दशकात मुंबईत पहिली कापड गिरणी सुरू झाली. पुढच्या काही दशकांत कोकणातल्या घराघरांतून तरुण माणसं मुंबईला गेली. काम आणि घर वेगळं झालं. गिरणीत जाणारा "कामाला" जाऊ लागला आणि मागे राहिलेली बाई "घरी" राहिली. खरं तर शेत, गुरं, मासळी, म्हातारी माणसं, मुलं सगळं तिच्याच गळ्यात होतं.

गिरण्यांतले हाल वाईट होते, पण ते निदान दिसत होते. म्हणून त्यावर भांडता आलं. १८८१ मध्ये भारतात पहिला फॅक्टरी कायदा झाला. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि १८९० मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची साप्ताहिक सुट्टी मिळवून दिली. आज तुमच्या मुलांच्या शाळेला रविवारी सुट्टी असते. तशीच सुट्टी गिरणीत आणण्यासाठी अर्ज, सभा आणि अनेक वर्षांची खटपट लागली होती.

स्वातंत्र्यानंतर १९४८ चा कारखाना कायदा आला. कामाचे तास, उजेड, हवा, धूळ, संरक्षणाची साधनं या सगळ्याचे नियम त्यात होते. पण कारखाना कशाला म्हणायचं? विजेवर चालत असेल तर दहा कामगार, विजेशिवाय असेल तर वीस, ही किमान संख्या त्या कायद्याने धरली. तुमच्या ओटीवर सासू, सून आणि शेजारीण अशा तिघी बसून काम करत असतील तर तो कारखाना नाही. तिथे निरीक्षक येत नाही, भोंगा होत नाही आणि रविवारही येत नाही.

जगात हा प्रश्न फार उशिरा पुढे आला. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने घरबसल्या काम करणाऱ्यांसाठी स्वतंत्र करार केला तो १९९६ मध्ये. त्याला भारताने अजून मान्यता दिलेली नाही.

पेण: पापड आणि गणपती

१८९३ नंतर सार्वजनिक गणेशोत्सव वाढत गेला तशी मूर्तींची मागणीही वाढली. पेण आणि आजूबाजूच्या हमरापूर, जोहे या गावांत आज वर्षभर मूर्ती घडतात आणि देशाबाहेरही जातात. लोक त्याला "गणपतीचा कारखाना" म्हणतात, पण यातले कितीतरी कारखाने म्हणजे घराची पडवी, मागचं अंगण किंवा पत्र्याची शेड. साच्यातून मूर्ती काढणं, सांधे भरणं, पॉलिश पेपरने घासणं, रंगकाम, शेवटी डोळ्यांची आखणी अशी कामाची वाटणी असते. घासकाम बहुतेक वेळा बायकांकडे येतं आणि सगळ्यात जास्त धूळ तिथेच उडते.

प्लास्टर ऑफ पॅरिस आम्हा डॉक्टरांना परकं नाही. १८५० च्या दशकापासून मोडलेलं हाड बसवायला आम्ही तेच वापरत आलो आहोत. पण हातावर ओलं प्लास्टर बांधणं वेगळं आणि त्याची सुकी धूळ दिवसभर नाकातोंडात जाणं वेगळं. त्या धुळीने डोळे चुरचुरतात, नाक चोंदतं, खोकला सुरू होतो आणि दमा असेल तर तो वाढतो. मातीच्या धुळीत सिलिका असू शकते. तिने वर्षानुवर्षांनी फुप्फुसं कडक होतात, याला सिलिकोसिस म्हणतात. कुंभारकामाशी जोडलेला हा आजार वैद्यकशास्त्राला जुना आहे. रंगाचं म्हणाल तर घरगुती रंगांतल्या शिशावर भारतात नोव्हेंबर २०१७ पासून ९० पीपीएमची मर्यादा आहे. पण बिनलेबलचा, सुटा, जुना रंग असेल तर त्यात काय आहे हे तुम्हाला किंवा मला सांगता येत नाही. घरात रंगकाम चालतं तिथेच लहान मूल रांगत असतं, हे विसरू नका. शिशाचा सगळ्यात मोठा फटका मुलांच्या मेंदूला बसतो.

आता पापड. १९५९ मध्ये मुंबईत गिरगावातल्या एका चाळीच्या गच्चीवर सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. पुढे तोच "लिज्जत" झाला. त्यांची पद्धत साधी होती: पीठ केंद्रातून न्यायचं, पापड घरी लाटायचे, वाळवून परत द्यायचे. घर न सोडता हातात स्वतःचे पैसे, ही फार मोठी गोष्ट होती आणि आहे. पेणचे पोह्याचे पापडही असेच घराघरांतून लाटले जातात.

मी या कामाच्या विरोधात अजिबात नाही, बरं का. या पापडांवर मुलांची शिक्षणं झालेली मी पाहिली आहेत. माझं म्हणणं एवढंच, की लाटणाऱ्या हाताचं काय होतं ते समजून घ्या.

लाटणं फिरवताना मनगट सारखं वाकतं आणि दाबलं जातं. मनगटात एक अरुंद बोगदा असतो. त्यातून बोटांकडे जाणारी एक मुख्य नस आणि नऊ स्नायुबंध जातात. सतत हालचालीने तिथे सूज आली की नस दबते. मग अंगठा, पहिलं बोट आणि मधलं बोट यांना मुंग्या येतात, विशेषतः रात्री. हा कार्पल टनेल सिंड्रोम. माझ्या त्या ताईंना हाच होता.

दुसरं दुखणं अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला होतं. स्विस सर्जन दे क्वेर्वां यांनी १८९५ मध्ये त्याचं वर्णन केलं, म्हणून त्यांचं नाव पडलं. पण त्याआधीच इंग्लंडात लोक त्याला धुणं धुणाऱ्या बाईची मुरगळ म्हणत. घरात पाहता येईल अशी खूण सांगतो: अंगठा मुठीत धरा आणि मनगट हळूच करंगळीच्या बाजूला वाकवा. अंगठ्याच्या मुळाशी तीव्र कळ आली तर दाखवून घ्या.

शिवाय पापडखार अल्कधर्मी असतो. त्यात मीठ आणि तिखट मिसळलं की बोटांची त्वचा कोरडी पडते, भेगा जातात. आणि तासन्‌तास मांडी घालून, पोळपाटावर वाकून बसल्याने मान, कंबर आणि गुडघे बोलू लागतात.

कोळीवाड्यातले हात

वरसोली, थळ, रेवदंडा, मुरुड इथल्या कोळीवाड्यांत मासळी बोटीतून उतरते आणि खरं काम घराच्या अंगणात सुरू होतं. कोळंबी सोलणं, बोंबील वाळत घालणं, जवळा पसरणं, निवडणं. कोळंबीचा काटा किंवा माशाचा पर बोटात घुसतो, आपण चोखून टाकतो आणि पुढच्या कामाला लागतो. दोन-तीन दिवसांनी ते बोट जांभळट लाल होतं, ठणकतं, कडेने सूज पसरते. मासे हाताळणाऱ्यांमध्ये एका विशिष्ट जिवाणूमुळे असं होतं, त्याला एरिसिपेलॉइड म्हणतात. साध्या प्रतिजैविकाने ते बरं होतं, पण "बोट मासळीने लागलंय" हे डॉक्टरांना सांगावं लागतं. ताप आला, लाली हातावर वर चढू लागली किंवा मधुमेह असेल, तर त्याच दिवशी या. उद्यावर ढकलू नका.

२०२०: सगळेच घरी बसले

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली. मुंबई-पुण्यातली मुलं लॅपटॉप घेऊन गावच्या घरी आली. कोणी झोपाळ्यावर बसून, कोणी पलंगावर उशी घेऊन, कोणी देवघराबाहेरच्या पाटावर बसून काम करू लागलं. ३ जूनला अलिबागच्या दक्षिणेला निसर्ग चक्रीवादळ धडकलं. छपरं उडाली, नारळी-पोफळी आडव्या झाल्या आणि कितीतरी गावांत अनेक दिवस वीज नव्हती. ज्यांचं काम घरात, त्यांचं घर गेलं की काम जातं, हे त्या पावसाळ्यात लॅपटॉपवाल्यांना आणि मूर्तिकारांना सारखंच कळलं.

त्यानंतर ओपीडीत मान, खांदे आणि कोरडे डोळे घेऊन येणारी तरुण मंडळी वाढली. त्यांच्या कामाला नवीन नाव होतं, वर्क फ्रॉम होम. गंमत बघा, त्याच घरात आई वीस वर्षं पापड लाटते तर ती "घरीच असते" आणि मुलगा आठ दिवस लॅपटॉप उघडून बसला तर तो "कामात आहे", आवाज करू नका! पण मनगटातल्या नसेला पगार कोणाचा किती हे कळत नाही. तिला फक्त हालचाल किती वेळा झाली आणि विश्रांती किती मिळाली एवढंच कळतं.

मग करायचं काय?

काम बंद करा असं मी सांगणार नाही. इतिहासातून शिकण्यासारख्या काही साध्या गोष्टी सांगतो.

* भोंगा घरात आणा. मोबाइलवर अर्ध्या तासाचा गजर लावा. वाजला की दोन मिनिटं उठा, हात मोकळे करा, मुठी उघडा-मिटा, पाणी प्या.
* शनिवार तेल्यांसारखा आठवड्याचा एक दिवस ठरवा. त्या दिवशी लाटणं, घासणं, सोलणं, लॅपटॉप बंद. सुजलेल्या स्नायुबंधांना औषधाइतकीच याची गरज असते.
* जमिनीवर वाकू नका. पोळपाट चौरंगावर किंवा ओट्यावर घ्या, पाठ भिंतीला टेकवा. लॅपटॉपचा पडदा डोळ्यांच्या पातळीला येईल एवढी पुस्तकं खाली ठेवा. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद लांबचं माडाचं झाड बघा.
* घासकाम उघड्या हवेत आणि चांगला मास्क लावून करा, तोंडाला नुसता पदर किंवा रुमाल बांधून नव्हे. धूळ झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. रंगकामाच्या जागी मुलांना आणि गरोदर बाईला बसवू नका. जेवणाआधी हात साबणाने धुवा.
* मासळीसाठी जाड रबरी हातमोजे वापरा. काटा लागला तर लगेच साबणाने धुवा. धनुर्वाताचं इंजेक्शन केव्हा घेतलं होतं ते लक्षात ठेवा.
* पापडखार लागलेले हात धुऊन, पुसून, रात्री खोबरेल तेल लावा.

आणि हे दिसलं तर वाट पाहू नका: अंगठ्याच्या बुडाचा मांसल भाग सपाट होणं, हातातून वस्तू पडणं, बधिरपणा कायम राहणं, दोन आठवड्यांहून जास्त खोकला, चढावर धाप लागणं. हाताच्या मुंग्यांमागे मधुमेह, थायरॉइड किंवा गरोदरपणही असू शकतं. म्हणून सगळा दोष लाटण्याला देऊन घरी बसू नका. माझ्या त्या ताईंच्या रक्ततपासणीत थायरॉइडही कमी निघालं होतं. थायरॉइडची गोळी, रात्री मनगटाला पट्टी, बैठकीची उंची आणि आठवड्याची सुट्टी, एवढ्यावर तीन महिन्यांत त्या शांत झोपू लागल्या. पापड अजूनही लाटतात, पण आता गुरुवार बंद असतो.

केसपेपरवर मी आता "गृहिणी" एवढंच लिहून थांबत नाही. विचारतो, "घरी असता म्हणजे दिवसभर हात कशात असतात?" तुम्हीही पुढच्या वेळी कोणत्याही डॉक्टरांकडे गेलात आणि त्यांनी विचारलं नाही, तरी आपणहून सांगा: मी पापड लाटते, मी मूर्ती घासते, मी कोळंबी सोलते, मी शिलाई करते, मी कॉम्प्युटरवर बसतो. किती वर्षं आणि दिवसाला किती तास, तेही सांगा. एक मिनिट लागेल. माझ्या ताईंचे दोन महिने वाचले असते.